गणपती ते भाऊबीज, वजन नेमकं कुठल्या दिवशी वाढतं

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ३९, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६६ किलो, रोज डोंबिवलीहून लोकलने ऑफिस, घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. गणपतीला आठवडाभर सिंधुदुर्गात गावी जाणं असतं आणि दरवर्षी गणपती ते दिवाळी ३ किलो वाढतात ते काही केल्या उतरत नाहीत. म्हणून यंदा गणपतीपासून गोड पूर्ण बंद करायचं आणि आत्ताच जिमची वर्षाची फी भरायची, तर हे बरोबर आहे का. मी नाशिकला डाएटिशियन आहे, १९ वर्षं झाली, आणि श्रावण लागला की माझ्याकडे निम्मे लोक हाच प्रश्न घेऊन येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते. तुमचा प्रश्न गोडाबद्दल आहे, पण मला तुमची अडचण वेगळी वाटतेय. कॅलेंडर काढून बघा. मागच्या वर्षी, २०२५ मध्ये, गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि भाऊबीज २३ ऑक्टोबरला. दोन्ही धरून ५८ दिवस. त्यात खरोखर सणाचं जेवण किती दिवस होतं? चतुर्थी, गौरीजेवण, विसर्जन, दसरा, कोजागिरी आणि दिवाळीचे चार-पाच दिवस, म्हणजे दहा धरा. उरले ४८. या ४८ दिवसांत सण नव्हता, पण सणाचा डबा घरात होता, झोपेचं वेळापत्रक बिघडलेलं होतं, चालणं बंद पडलं होतं आणि "आता दिवाळीनंतरच बघू" असं मनाने ठरवून टाकलेलं होतं. माझ्या अनुभवात वजन या ४८ दिवसांत वाढतं. त्या दहा दिवसांच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही.

हे कशावरून म्हणते त्याचा हिशोब देते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. तुमचे ३ किलो हे काट्यावरचे आहेत, त्यात पाणी पण आहे (त्याबद्दल खाली लिहिलंय), समजा खरी चरबी त्यातली दीड किलो. म्हणजे साडेअकरा हजार कॅलरी. भागिले ५८ दिवस, आले रोजचे २०० च्या आसपास. आता बेसनाच्या लाडवाकडे या. एक किलो बेसन, अर्धा किलो साजूक तूप, ८०० ग्रॅम पिठीसाखर असं प्रमाण धरलं तर बेसनाच्या ३७००-३८००, तुपाच्या साडेचार हजारांच्या जवळ आणि साखरेच्या ३२००, एकूण जवळपास साडेअकरा हजार कॅलरी. ४० ग्रॅमचा एक असे ५७ लाडू होतात आणि एका लाडवात २०० कॅलरी. म्हणजे रोज एक जादा लाडू, ५८ दिवस, आणि दीड किलो चरबी. शरीर काही कॅल्क्युलेटर नाही, प्रत्येकाचं थोडं इकडेतिकडे होतं, पण वजन कसं वाढतं हे कळायला एवढं पुरे आहे. ते चतुर्थीच्या दिवशी खाल्लेल्या पाच मोदकांनी वाढत नाही, रोजच्या एका लाडवाने वाढतं, जो चहासोबत उभ्याउभ्या खाल्ला जातो आणि संध्याकाळी आठवतही नाही.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण मी तुम्हाला तपासलेलं नाही. डायबेटिस असेल आणि इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर जेवण टाळणं, नवरात्राचे नऊ उपास, एकवेळ जेवण हे काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. थायरॉइडची गोळी घेत असाल आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वर्षभर बघितलं नसेल तर आधी ते करून घ्या. पीसीओडी असेल, पाळी अनियमित झाली असेल, बाळ अंगावर पीत असेल, किडनीचा काही त्रास असेल तर खाली लिहिलेलं थोडं थोडं बदलेल. आणि कधी काळी खाण्यावरून स्वतःला उपाशी ठेवण्याचा किंवा खाऊन ओकारी काढण्याचा त्रास झाला असेल तर वजनकाट्याचा भाग सरळ सोडून द्या, तुमच्यासाठी तो चांगला नाही. यातलं काहीच नसेल तर पुढे वाचा.

गोड पूर्ण बंद करू का? नको. मी सुरुवातीची काही वर्षं पेशंटना छापील सणाचा चार्ट द्यायचे, मोदक एक, करंजी अर्धी, लाडू वर्ज्य. तो कोणीही पाळला नाही आणि दिवाळीनंतर लोक माझ्याकडे यायचेच बंद व्हायचे कारण त्यांना तोंड दाखवायला लाज वाटायची. ती चूक माझी होती. एक शिक्षिका होत्या, त्यांनी खरंच गणपतीपासून गोडाला हात लावला नाही, नवरात्र काढलं, अगदी पाडव्यापर्यंत नेलं, आणि भाऊबीजेला माहेरी जे खायला सुरुवात केली ती पुढचे तीन आठवडे थांबली नाही. डिसेंबरमध्ये आल्या तेव्हा माझ्यासमोर रडल्या, म्हणाल्या माझ्यात कंट्रोलच नाही. कंट्रोल भरपूर होता हो त्यांच्यात, सगळ्यांच्या पानात मोदक वाढून स्वतः न खाता ५५ दिवस काढणं सोपं आहे का? पण जी गोष्ट आपण लहानपणापासून आनंदाशी जोडलीय ती पूर्ण बंद केली की डोक्यात दिवसभर तीच राहते. त्यामुळे माझा सल्ला असा की सणाचे दहा दिवस आधीच लिहून काढा आणि त्या दिवशी देवाचा नैवेद्य मन भरून खा, मोजू नका. मोजायचं ते उरलेल्या ४८ दिवसांत.

फक्त एक बदल त्या दहा दिवसांतही करा, तो मी घरीही करते. मोदक हा जेवणावर घ्यायचा पदार्थ समजू नका, तो जेवणच आहे. उकड कशाची असते? तांदळाची. म्हणजे मोदक पानात आला की भात झाला. मध्यम आकाराच्या उकडीच्या मोदकात तूप न धरता दीडशेच्या आसपास कॅलरी असतात, वर चमचाभर तूप घेतलं की अजून ४५, तर चार मोदक तुपासकट पावणेआठशे झाले, आणि त्याच्यासोबत परत पोळी, भात, बटाट्याची भाजी, भजी, पापड. त्या दिवशी पोळी नको, भात प्रसादापुरता घासभर, आणि पानाची सुरुवात वरण, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर यांनी करा, मग मोदक. श्रीखंड-पुरीचंही तसंच, पुरी असेल तेव्हा पोळी आणि भात दोन्ही कशाला हवेत. पुरणपोळीला तर आपल्याकडे कटाची आमटी असतेच, ती दोन वाट्या घ्या, पोट भरतं.

आता पाण्याचा भाग. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहिलं की सव्वा-दीड किलो वाढलेलं दिसतं आणि लोक घाबरून उपास धरतात. ती चरबी नसते. आपण भात, पीठ, साखर जास्त खाल्लं की शरीर त्यातलं थोडं ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साठवतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत तीन ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवतं. वर फरसाण, पापड, लोणच्याचं मीठ, तेही पाणी धरतं. तीन-चार दिवस नेहमीचं जेवलं की हे उतरतं. म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढायचंच नाही. गणपतीच्या आधीच्या रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी वजन करून लिहून ठेवा, आणि कंबर टेपने मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर कंबर म्हणजे धोक्याची पातळी मानतात आणि पुरुषांसाठी ९०. आपल्यासाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) मर्यादाही २३ आहे, २५ नाही. तुमचा २७ च्या जवळ येतो, म्हणून हे वर्ष मनावर घ्याच, पण घाबरून नको. मग दर रविवारी एकदा वजन, बास.

अमेरिकेत १९५ लोकांवर झालेला एक अभ्यास २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता, तो मी पेशंटना नेहमी सांगते. त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत सणांचा मोसम असतो. लोकांना वाटत होतं आपलं वजन भरपूर वाढलंय, प्रत्यक्षात सरासरी वाढ निघाली अर्धा किलोपेक्षाही कमी, ०.३७ किलो. पण गंमत पुढे आहे, ते एवढंसं वजनसुद्धा पुढच्या उन्हाळ्यात उतरलं नाही, अंगावर राहिलं. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. दरवर्षी थोडंथोडं चढून दहा वर्षांत जे होतं तेच आपल्याकडेही चाळिशीला आलेल्या बायकांमध्ये मी बघते. त्यामुळे यंदा तुमचं ध्येय वजन कमी करणं हे ठेवूच नका. ६६ ला सुरू, दिवाळीनंतर ६६ किंवा साडेसहासष्ट, एवढं जमलं तरी तुम्ही दरवर्षीचं चक्र मोडलंत. कमी करायचं काम डिसेंबरात करू, तेव्हा भाज्या पण छान असतात बाजारात.

आता तुमच्या गावच्या आठवड्याकडे येते, कारण तिथे मला खरा घोळ दिसतोय आणि तो मोदकांचा नाहीये. कोकणात गणपतीत रात्री भजनं असतात, एक-दोन वाजतात, मग मंडळींना उसळ-पाव, चहा, सकाळी परत आरतीला लवकर उठायचं. पाच-सहा दिवस चार-पाच तास झोप. झोप कमी झाली की भूक वाढते आणि ती भूक भाजी-भाकरीची नसते, गोडाची आणि तळलेल्याची असते, हे तुम्ही स्वतःच बघितलं असेल. दुपारी पाहुणे आडवे होतात तेव्हा तुम्हीही अर्धा-पाऊण तास पडा, भांडी थांबतील, किंवा पुरुषमाणसांना लावा कामाला, गणपती सगळ्यांचा आहे.

आणि चहा! गावाला घराघरात आरतीला जाताना दिवसाला सहा-सात कप होतात. दोन चमचे साखर आणि दूध मिळून एका कपाला ७० कॅलरी धरा, सहा कपाचे ४२० झाले, म्हणजे दोन लाडू, तेही कोणी मोजत नाही कारण चहा म्हणजे काय खाणं आहे का. दोन कप साखरेचे घ्या, बाकीच्या घरी "पाणीच द्या, आत्ताच झाला" म्हणा, चहा नाकारल्याचं कोणाला वाईट वाटत नाही, मोदक नाकारल्याचं वाटतं. इतक्या वर्षांत पेशंटच्या वजनावर मला सगळ्यात जास्त फरक या एका बदलाने पडलेला दिसलाय.

गावच्या जेवणात चांगलंही खूप आहे, ते सोडू नका. ऋषीपंचमीची भाजी बघा, अळू, माठाचे देठ, सुरण, लाल भोपळा, पडवळ, शिराळं, मक्याची कणसं, सगळं बिनतेलाचं किंवा अगदी थोड्या तेलातुपाचं. मी पैसे घेऊन लोकांना जे खायला सांगते ते आपल्या आज्यांनी सणातच बसवून ठेवलंय. ती भाजी दोन वाट्या खा, दुसऱ्या दिवशी उरली तर नाश्त्याला पण खा. काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळी, हे रोजचं जेवण म्हणून उत्तम आहे. गौरीला तुमच्याकडे घावन-घाटलं असेल किंवा तिखटाचा नैवेद्य असेल, तो तुमच्या दहा दिवसांतला एक दिवस, मस्त जेवा. रात्रीच्या भजनाच्या वेळचं खाणं मात्र गाणाऱ्यांसाठी असतं, आपण वाढणाऱ्यांनी सोबत म्हणून प्लेट घेण्याची गरज नसते, आपलं रात्रीचं जेवण झालेलं असतं.

पितृपक्षाचं एका वाक्यात, खीर-वडे एका दिवसाचे असतात, ते आनंदाने खा, पुढे जाऊ.

नवरात्र. उपासाने वजन कमी होईल म्हणून नऊ दिवस धरणारे आणि दोन किलो वाढवून येणारे दरवर्षी भेटतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही. साठ ग्रॅम साबुदाणा भिजवून, तीसेक ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, अर्धा बटाटा अशी खिचडी केली की प्लेट ५०० कॅलरीची होते आणि दोन तासांत परत भूक, मग वेफर्स, मग राजगिऱ्याची चिक्की, मग रताळ्याच्या गोड फोडी. उपास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, मी त्याच्या विरोधात नाही, फक्त वजनासाठी म्हणून करू नका. आणि करताना खिचडी नऊ दिवसांत दोनदाच ठेवा, बाकी दिवस भगर आणि पातळ दाण्याची आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दूध, चालत असेल तर पनीर. तुमच्या वजनाला दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं आणि उपासात ते पंधरा-वीसवर येतं, मग अंगातली ताकद जाते, चिडचिड होते. गरब्याला जात असाल तर जा, तासभर मनापासून खेळलात तर कुठल्याही जिमपेक्षा कमी नाही, फक्त परतताना रात्री बारा वाजता पावभाजीच्या गाडीवर थांबू नका. कोजागिरीचं मसाला दूध एक कप, त्यात ३०० कॅलरी असू शकतात, त्या रात्रीचं जेवण हलकं घ्या, झालं.

आता फराळ, ज्याच्यावर सगळं येऊन थांबतं.

पहिली गोष्ट किती करायचं. तुम्ही पाच माणसं. सासूबाई किलोकिलोने करतात असं तुम्ही लिहिलंय, त्यांच्या काळात वाड्यात वीस घरांत ताटं जायची, येणाऱ्याजाणाऱ्याला द्यायचं, आणि बाजारात काही मिळत नव्हतं. आता दोन शेजारी आणि एक नणंद, बाकी सगळे आपल्या घरचंच संपवता संपवता दमतात. ५७ लाडवांतले पंधरा बाहेर गेले तर ४२ घरात राहिले, आणि डब्यात राहिलेला लाडू कोणीतरी खातंच, बहुतेक वेळा घरातली बाई, कारण टाकवत नाही. म्हणून सगळं निम्म्याने करा. सासूबाईंना "वजन वाढतं म्हणून कमी करा" असं म्हणू नका, त्यांना ते आपल्या हाताच्या चवीवर बोट ठेवल्यासारखं वाटतं. त्यांच्याशी मी बोलले असते तर असं म्हटलं असतं की आई, यंदा आधी अर्ध्या किलोचे करू आणि संपले तर पाडव्याला परत ताजे करू. बहुतेक घरी दुसऱ्यांदा करायची वेळ येत नाही, आणि आली तरी ताजा लाडू मिळतो. प्रमाणाची जबाबदारी त्यांच्याकडेच द्या, त्यांना मान हवा असतो, किलोचा आकडा नको असतो.

दुसरं, तळताना खाणं. दिवसभर चकल्या पाडणारी बाई दुपारचं जेवण करत नाही, मोडलेली चकली, वाकडी करंजी, चव बघायला चिवडा, असं करत करत संध्याकाळपर्यंत हजार कॅलरी होतात आणि वर "मी आज काही जेवलेच नाही" असं प्रामाणिकपणे वाटत असतं. तळायला बसायच्या आधी नीट जेवा, भाकरी, उसळ, भाजी, ताक. पोट भरलेलं असलं की तेलाच्या वासानेच खावंसं वाटत नाही. आणि एकदा प्रयोग म्हणून तळणीचं तेल आधी आणि नंतर वजनकाट्यावर मोजून बघा. मी मागच्या दिवाळीला मोजलं, अर्धा किलो भाजणीच्या चकल्यांनी मोहनासकट दोनशे ग्रॅमच्या आसपास तेल घेतलं, म्हणजे नुसत्या तेलाच्या १८०० कॅलरी, तुमची जवळजवळ एका दिवसाची गरज. हे मुलांनाही दाखवा, त्यांना आवडतं मोजायला. तेल नीट तापलेलं नसलं की चकली जास्त तेल पिते, त्यामुळे गडबडीत एकदम आठ-दहा सोडून तेल गार करू नका.

तिसरं, ताट. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून पहाटे फराळाला बसतो त्यात एक लाडू, दोन चकल्या, एक करंजी, वाटीभर चिवडा, थोडी शंकरपाळी, एवढ्याच्या ९०० च्या आसपास होतात. तो दिवस आपल्या दहातला आहे, आनंदाने खा, फक्त दुपारी बारा वाजता परत भरगच्च जेवण लावू नका, दुपारी वरण-भात-कोशिंबीर एवढंच. दुसऱ्या दिवसापासून माझा नियम असा की फराळ दिवसातून एकदाच, बसून, छोट्या बशीत, त्यात एक गोड आणि एक तिखट, आणि तो नाश्त्याच्या जागी, नाश्त्याच्या वर नाही. सोबत एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मोड आलेले मूग. संध्याकाळी चहासोबत फराळ नको, तिथे शेंगदाणे-फुटाणे मूठभर घ्या. आणि डबे! डायनिंग टेबलवर पारदर्शक बरण्या ठेवू नका, स्टीलच्या डब्यात वरच्या फळीवर ठेवा, स्टूल घेऊन काढावे लागतील असे. ऐकायला साधं वाटतं पण माझ्या पेशंटमध्ये चार्टपेक्षा हे जास्त चाललंय.

खजूर-ड्रायफ्रूटचे लाडू, गुळाचे शंकरपाळे, शुगरफ्री मिठाई याबद्दलही विचारलंय. गूळ आणि साखर कॅलरीत जवळजवळ सारखेच. खजुराच्या लाडवात साखर घातलेली नसली तरी खजूर गोडच आहे आणि सुकामेवा तेलाचा, एक लाडू छान, चार नाही. शुगरफ्री मिठाईत खवा आणि तूप तसंच असतं. भाजक्या पोह्यांचा चिवडा मात्र खरंच फरक पाडतो, तळलेल्याच्या मानाने तेल खूप कमी लागतं. ऑफिसात आलेले मिठाईचे बॉक्स घरी आणू नका, तिथेच उघडून वाटून टाका, लोकलमध्ये शेजारच्या बायकांना द्या, त्या दिवशी डबा तुमचा गाजेल.

आग्रहाचं काय करायचं? "डाएट चालू आहे" म्हटलं की समोरची माणसं दुप्पट आग्रह करतात. एक घास घ्या, मनापासून कौतुक करा, रेसिपी विचारा, बशी हातात धरून गप्पा मारा. बशी रिकामी केली की परत भरली जाते, म्हणून हळू खा. एका संध्याकाळी पाच घरी जायचं असेल तर जिथलं तुम्हाला सगळ्यात आवडतं तिथे खा, बाकी ठिकाणी चिमूटभर.

व्यायामाचं आता. जिमची वर्षाची फी आत्ता भरू नका. गणपतीच्या तोंडावर सुरू केलेला जिम पहिल्या आठवड्यात गावी जाऊन बंद पडतो आणि मग वाईट वाटतं. या दोन महिन्यांसाठी एवढंच ठेवा जे कितीही गडबड असली तरी बंद पडणार नाही. तुमच्या वजनाला अर्धा तास भराभर चाललं की १२०-१३० कॅलरी जळतात, म्हणजे एका लाडवाला पाऊण तासाच्या वर. म्हणून खाल्लेलं जाळायला चालायचं हा विचार सोडा, त्याने व्यायाम शिक्षा होऊन बसतो. चालायचं ते यासाठी की जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, झोप लागते, डोकं शांत राहतं. दुपारी ऑफिसात जेवल्यावर दहा मिनिटं, रात्री सोसायटीत पंधरा मिनिटं, स्टेशनवर सरकता जिना सोडून साधा जिना. आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचं काहीतरी, बारा-बाराच्या तीन फेऱ्या खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून पुशअप, पाण्याची भरलेली बाटली घेऊन खांद्याचे प्रकार, वीस मिनिटांत होतं, गावीही होतं, पडवीत. चाळिशीला स्नायू टिकवणं ही बायकांसाठी फार मोठी गोष्ट आहे, पुढे पन्नाशीत गुडघे आणि हाडं तुम्हाला दुवा देतील. घराची साफसफाई हालचालीत धरा, जाळी काढणं, पंखे पुसणं, पडदे काढणं याने अंग हलतं. पण ओट्यापाशी सहा तास उभं राहून तळणं धरू नका, त्याने कंबर दुखते, व्यायाम होत नाही.

थोडक्यात परत सांगते कारण लांबलं खूप. दहा दिवस लिहून काढा, त्या दिवशी मोकळेपणाने खा पण मोदक असेल तर भात-पोळी कमी. उरलेल्या ४८ दिवसांत चहाची साखर, डब्यातला रोजचा लाडू आणि झोप या तिन्हीकडे लक्ष. फराळ निम्मा, बशी छोटी, दिवसातून एकदा. रोज जेवणानंतर चालणं, आठवड्यातून दोनदा ताकद, रविवारी वजन.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी डबे उघडून बघा काय उरलंय. घरच्यांना हवं तेवढं दोन दिवसांचं काढून ठेवा आणि बाकीचं, ताजं असतानाच, सोसायटीच्या वॉचमनला, कामाला येणाऱ्या ताईंना, मुलांच्या व्हॅनवाल्या काकांना नीट डब्यात भरून द्या, शिळं झाल्यावर नको. ज्यूसचे उपास, डिटॉक्स वगैरे काही करायचं नाही, नेहमीची भाकरी-भाजी-वरण सुरू करा. त्या दिवशी काट्यावर चढू नका, पुढच्या रविवारी सकाळी चढा, आणि कंबरही मोजा. जो आकडा येईल तो इथेच लिहा, कमी असो की जास्त, आणि थायरॉइड किंवा शुगरची गोळी चालू असेल तर तिचं नावही लिहा, मग डिसेंबरचं काय करायचं ते तुमच्यापुरतं सांगते.